साठ माणसं आणि सौ. क. द.

मंगळवारी दुपारी रवा भाजून झाला आणि भरायला डबाच सापडेना, म्हणून स्टूल घेऊन वरच्या फळीवरून मागचा एक स्टीलचा डबा काढला. टेबलावर लेकीच्या लग्नाची यादी पडली होती. लेकीची यादी मोबाईलमध्ये रंगीत रकान्यांत आहे, माझी दूधवाल्याच्या वहीच्या मागच्या पानावर. साठ माणसं, तीस आमची, तीस नेरूळकरांची. तीसात चार आत्या, तीन मामा आणि त्यांची पोरं बसवली की लोकल भरली, कळव्याला कुणी चढायचं नाही.

साठ हा आकडा लेकीचा. तिचं आधी रजिस्टरच करायचं चाललं होतं. १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट, तीस दिवस आधी नोटीस आणि तीन साक्षीदार. कायद्याला लग्नासाठी तीन माणसं पुरतात हे मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितलं, तर त्या निवडत असलेल्या मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, "तीन माणसं खांदा द्यायला पण पुरत नाहीत गं." विषय संपला. मग होणारे व्याही म्हणाले जोतीरावांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढून भटजीशिवाय, बिनखर्चाची लग्नं लावून दाखवली, आपण अजून तिथेच. ते बोलले खरं पण विहीणबाईंनी तोवर गुरुजींना फोन करून टाकला होता. गुरुजी मात्र आपल्याच बाजूचे निघाले. म्हणाले सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पण तसंच आहे. म्हणजे जिलबीचा उल्लेख कायद्यातही नाही आणि मंत्रातही नाही, तरी सगळं बजेट तिथेच जातं.

हॉलवाल्यांचं वेगळंच. एकाने सरळ सांगितलं, मॅडम कमीत कमी दीडशे ताटं, साठ माणसांत आम्ही बारसं पण घेत नाही. नवरा म्हणाला घोडबंदर रोडला लॉन घेऊ, बोलाव चारशे, ट्रॅफिकमुळे साठच पोचतील. (तो हे विनोदाने म्हणाला पण मी क्षणभर खरंच विचार केला.) शेवटी नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर एक छोटा हॉल मिळाला, लिफ्ट नाही, पंखे जोरात आहेत, चालेल.

खरं सांगू का, कमी माणसांत लग्न करणं कठीण नाहीये, कमी माणसांत लग्न आहे हे सांगणं कठीण आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये भाच्याचं लग्न झालं तेव्हा नियमच होता, पंचवीस माणसं आणि दोन तास, नाहीतर पन्नास हजार दंड. कुणी रुसलं नाही. लॅपटॉपवर अक्षता टाकल्या लोकांनी, की-बोर्डात तांदूळ अडकले एकाच्या. सगळं सरकारवर ढकलता आलं होतं, आता ढकलायचं कुणावर? लेकीवर ढकललं तर "तुमचं ऐकत नाही वाटतं" आणि बजेटवर ढकललं तर त्याहून वाईट.

बरं, ज्यांना बोलावणार नाही ते गप्प बसतायत का, तर नाही, ते केळवणं करतायत. आतापर्यंत अकरा झाली. लेक घोड्यासारखी जेवून येते, साडी आणि पाकीट घेऊन येते आणि मी इथे ओशाळून त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारायची की बरोबरची खूण करायची ते ठरवत बसते.

तर डबा. पुसायला म्हणून फडकं फिरवलं आणि कडेला बोटाला ठिपके लागले. नाव घातलेलं होतं. "सौ. क. द. मे ९६". माझ्या लग्नातला आहेर. तसे घरात नाव घातलेले बरेच आहेत, वाट्यांवर मोठ्या मामांचं आहे, परातीवर नवऱ्याच्या ऑफिसचं, आणि एका तांब्यावर तर आम्हा दोघांशी काही संबंध नसलेल्या कुणाच्या तरी मुंजीची तारीख आहे, तो फिरत फिरत आलेला. पण ह्या क. द. बाई कोण?

आमच्या लहानपणी आजीबरोबर नाव घालायला जाणं हा एक कार्यक्रम असायचा. जांभळी नाक्याकडच्या भांड्याच्या दुकानाबाहेर एक माणूस पाटावर बसलेला असायचा, मांडीवर गोणपाट, यंत्राची वायर दुकानातून आलेली. भांडं मांडीत आडवं धरायचा आणि सुरू केलं की असा काही र्र्र्र आवाज यायचा की माझे दात शिवशिवायचे आणि मी कानात बोटं घालून पण तिथेच उभी राहायचे, कारण त्या ठिपक्यांची अक्षरं होताना बघायची असायची. सुईच्या टोकातून चांदीसारखी बारीक पूड पडायची, तो फुंकर मारायचा की खाली नाव. तो अक्षरावर पैसे घ्यायचा. आणि आमची आजी म्हणजे, काय सांगायचं. ८१ साली चाळीतल्या एका ताईच्या लग्नाला कळशी घेतली होती, त्याने विचारलं "सप्रेम भेट घालू का आजी?" आजीने बोटावर मोजलं, पाच अक्षरं. म्हणाली, "प्रेम आहे ते कळतंय त्यांना, लिहायला कशाला पाहिजे?" मग आजोबांचं नाव गेलं, त्याचं एक अक्षर आणि टिंब राहिलं, आडनावाचंही तेच. टिंबाचे पैसे धरायचे नाहीत यावर पाच मिनिटं वाद झाला, तो म्हणे टिंबाला पण मशीन लावावंच लागतं, आजी म्हणे मग टिंब नको, अक्षरं जरा लांब लांब घाल.

आज जी बजेट बजेट करून आम्ही शीट भरतोय ना, फुलांचे एवढे, गुरुजींचे एवढे, ताटाला सहाशे, ती बाई हे सगळं टिंबांवर करत होती.

पण तिची एक गंमत होती. लग्नाच्या हॉलमध्ये, म्हणजे तेव्हा हॉल कुठला, चाळीच्या मागे मांडव, तिथे आहेर लिहायला एक काका बसलेले असायचे फुलस्केप वही घेऊन. आजी कळशी ठेवायची आणि हलायची नाही. मागे रांग लागली तरी नाही. त्यांनी वहीत पूर्ण नाव लिहिलं की नाही ते वाकून बघायची, स्वतःला वाचता यायचं जेमतेम, तरी. मला म्हणायची, "भांड्यावर नसलं तरी चालतं, वहीत पूर्ण पाहिजे. तिथे पैसे पडत नाहीत."

माझ्या लग्नाची वही आईकडे होती. निळ्या कव्हरची, मागे केटररचा हिशोब. आईने ती वर्षानुवर्षं काढून वाचली असेल, कुणाच्याही घरी कार्य निघालं की आधी वही, मग बँक. यांनी आपल्याला काय दिलं होतं, आपण गेलो होतो का, त्यांची मोठी झाली, धाकटीची राहिली. मला ते फार हिशोबी वाटायचं. भांडले पण आहे त्यावरून. आईची चरईतली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सामान भाड्याच्या घरात न्यायचं होतं, मीच उभं राहून रद्दी काढली, बत्तीस किलो भरली. वही त्यातच गेली असणार. दुसरीकडे कुठे जाईल?

मावशीला फोन लावला. तिला ऐकू कमी येतं. क वरून आमच्याकडे बायकांचा सुकाळ, कमल, कुसुम, कांचन, दोन कालिंद्या. मावशी म्हणाली, "द म्हणजे आडनाव की नवरा?" ते मला कसं माहीत. मग ती कुठल्यातरी तिसऱ्याच लग्नात शिरली, तिथे मठ्ठा कसा नासला होता ते सांगून अर्ध्या तासाने फोन ठेवला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मी पलंगावर अल्बम पसरून बसले होते. स्टेजवरचे फोटो सगळे सारखेच, आम्ही दोघं मधे खांबासारखे आणि कडेला माणसं बदलतायत. एका फोटोत हिरव्या साडीतली एक बाई आहे, माझ्या डाव्या हाताला, चष्मा, केसात मोठा गजरा. छातीशी ब्राउन पेपरात गुंडाळलेलं काहीतरी गोल धरलंय आणि माझ्याकडे बघून इतकी मनापासून हसतेय की घरचीच वाटावी. मी कॅमेऱ्याकडे बघतेय.

"ही कोण?" लेकीने विचारलं.

माहीत नाही म्हटलं. आई असती तर लगेच सांगितलं असतं, आणि यादीतही घातलं असतं.