आधी घाट ठरवा, मग मुक्काम

कोकणच्या सहलीची आखणी म्हणजे बहुतेकांना हॉटेल शोधणं वाटतं. खोलीतून समुद्र दिसतो का, गरम पाणी आहे का, मासे चांगले मिळतात का. आमच्या घरात वाद पेटला तो घाटावरून. पुण्याहून खाली उतरायला वाटा काय कमी आहेत? ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, त्याच्या पुढे फोंडा आणि आंबोली. यातली कुठली वाट धरायची त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आमच्या गाडीत दोन नाजूक प्रवासी होते. चौथीतली लेक, जिला वळणं सुरू झाली की गाडी लागते. आणि सत्तरी ओलांडलेली आई, जिचे गुडघे ठरावीक वेळाने संप पुकारतात. अशा वेळी नकाशावरचे किलोमीटर मोजून काही उपयोग नसतो.

बायकोचं मत ताम्हिणी. जवळचा आहे, मुळशीचं पाणी दिसतं, माणगावला उतरलो की झालं. पण माणगावला उतरलं की झालं कुठे? आम्हाला गुहागरला जायचं होतं. म्हणजे तिथून पुढे मुंबई-गोवा महामार्ग, त्याची ती कामं, ते डायव्हर्जन आणि कशेडीपर्यंतचे ट्रक. शिवाय शनिवार-रविवारचा ताम्हिणी म्हणजे अर्धं पुणं रस्त्याच्या कडेला उभं राहून कणसं खात असतं. वरंधा देखणा, पण अरुंद. समोरून एसटी आली की श्वास रोखायचा. आंबेनळीला जायचं तर आधी महाबळेश्वरची गर्दी पार करा. म्हणून मी कुंभार्ली लावून धरला: पुणे, कराड, पाटण, कोयनानगर, चिपळूण. अंतर जास्त, पण बराचसा रस्ता सपाटीचा आणि घाट त्या मानाने आटोपशीर. आईचं मत लगेच माझ्या बाजूने पडलं, कारण कराड तिचं माहेर. निवडणूक तिथेच संपली.

घाट ठरला की वेळ ठरवायची, आणि हिवाळ्याच्या तोंडाला हे जास्त महत्त्वाचं. डिसेंबरात कोकणात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. सह्याद्रीचे घाट पश्चिमेला उतरतात. म्हणजे दुपारी चारनंतर तुम्ही खाली निघालात तर प्रत्येक दुसऱ्या वळणावर ऊन थेट काचेतून डोळ्यात येतं आणि समोरची गाडी नुसती काळी सावली दिसते. सकाळी फार लवकर निघालात तर माथ्यावर धुकं. तेव्हा उतरायचं ते दहा ते एकच्या दरम्यान. परतीला चढायचं ते दुपारी, सूर्य पाठीशी ठेवून, पण अंधाराच्या आत वर पोचू अशा बेताने. हे एकदा कागदावर मांडलं की कुठे किती वाजता असायला हवं आणि म्हणून मुक्काम कुठे पडायला हवा, ते आपोआप निघतं.

अंधाराच्या आत, असं मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे: ऊस. दिवाळीनंतर गाळप सुरू होतं आणि कराड-पाटणपासून कोल्हापूरपर्यंत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. मागचा दिवा असला तर नशीब. लांबून वाटतं रस्ता मोकळा आहे, आणि जवळ गेल्यावर कळतं की समोरचा अंधार म्हणजे उसाची भिंत आहे. घाटापेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटते.

पहिल्या दिवशी आम्ही पुण्याहून कराडला गेलो आणि तिथेच राहिलो. मित्रांनी वेड्यात काढलं. म्हणे एका दिवसात गुहागर होतं की. होतं ना. पण मग कुंभार्ली उन्हं उतरल्यावर येतो. संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो. उत्तरेकडून कृष्णा, दक्षिणेकडून कोयना, दोघी समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून पूर्वेला जातात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. आईने लेकीला नदी दाखवली आणि मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगायला घेतली. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. भांडी फडताळातून खाली आली, सगळी गल्ली थंडीत गोधड्या पांघरून रस्त्यावर बसून राहिली, आणि पुढे कित्येक रात्री कुणी घरात झोपायला तयार होईना. लेकीचा प्रश्न एकच: “मग आपण उद्या तिकडेच का चाललोय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटण सोडल्यावर काचा वर करायला लागल्या. कोयनानगरला आईने स्वेटरवर शाल घेतली होती. धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे. लांबून बघताना तो आकडा पटत नाही, एवढे डोंगर त्याच्या आजूबाजूला आहेत. मला स्वतःला भिंतीपेक्षा त्यामागची युक्ती जास्त आवडते. कोयना ही पूर्वेला जाणारी नदी. तिचं पाणी अडवून डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला सोडलं, आणि सह्याद्रीच्या सरळसोट उताराचा फायदा घेऊन पोफळीला जमिनीखाली वीज केली. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या जलाशयात येतं, तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळला समुद्रात जातं. म्हणून तर ऐन उन्हाळ्यातही वाशिष्ठीला पाणी असतं. घाट उतरताना मी लेकीला म्हटलं, आपण डोंगराच्या बाहेरून उतरतोय आणि कोयना आतून. तिने डोळे मिटूनच मान हलवली, कारण तोवर वळणं सुरू झाली होती.

गाडी लागण्यावर आमच्या घरी बरेच प्रयोग झालेत. पोट तुडुंब नको, पण रिकामंही नको. दोन तास आधी इडली किंवा पोळी-भाजी बरी. मोबाइल बंद, पुस्तक बंद. पुढच्या सीटवर बसवून लांबच्या डोंगराकडे बघायला सांगायचं. खिशात आवळासुपारी आणि आलेपाक. याउपर सगळ्यात मोठा उपाय चालकाच्या पायात असतो. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम मी पाळतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर सारखा पाय द्यावा लागत नाही आणि मागे बसलेल्यांचं पोट हिंदकळत नाही. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणारे महाभाग अजूनही आहेत. अशा एकाच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास आम्हाला अर्धा घाट पुरला. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हेही हल्ली सांगावं लागतं.

शिरगाव-अलोरे आलं तसं स्वेटर निघाले. चिपळूणला पोचेपर्यंत एसी लागला होता. कोकणातली थंडी पहाटेपुरती असते. दुपारी पारा बत्तीस-तेहतीसवर जाऊन बसतो आणि घामाच्या धारा लागतात. डिसेंबर आहे म्हणून बॅगा लोकरीने भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घाटमाथ्यासाठी एकेक स्वेटर, बाकी सुती.

गुहागर हे एका रस्त्याचं गाव. रस्त्याच्या एका अंगाला घरं, घरांमागे नारळ-पोफळीच्या वाड्या, वाड्यांमागे सुरूची झाडं आणि मग लांबच लांब पुळण. आम्ही एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. इथे आमच्या आखणीतली खरी अडचण आली. मार्गशीर्षातला गुरुवार होता. आई गेली कित्येक वर्षं महालक्ष्मीचा घट मांडते, आणि सहलीला निघताना तिने तांब्याचा कलश, पोथी आणि ब्लाउजपीस बॅगेत भरलं होतं हे आम्हाला इथे कळलं. म्हणजे मासे बंद. ज्या दिवसासाठी मी घरून निघालो होतो त्याच दिवशी.

घरच्या काकूंनी “घाटावरचे का तुम्ही?” असं विचारून आमची जात-कुळी नव्हे पण उंची नक्की केली, आणि मग आईचा ताबाच घेतला. मागच्या अंगणात जाऊन आंब्याचा टाळा आणला, चिकू, पेरू, जास्वंद आणि फणस यांच्या डहाळ्या काढल्या. नारळ तर पायरीवर पडलेलेच होते. सुपारी सालासकट, ओली, केशरी. पुण्यात हे सगळं आम्ही मंडईतून जुडी करून विकत आणतो. पाट मांडला, तांदळाचा ढीग केला, आणि ओटीवर समुद्राची गाज ऐकत आईची पोथी वाचून झाली. जेवायला वालाची उसळ, डांगर, पोह्याचे पापड आणि सोलकढी. मासे मिळाले नाहीत याचं दुःख मी दुसऱ्या वाटीबरोबर विसरलो. (तिसऱ्या वाटीला बायकोने बघितलं.)

शुक्रवारी निघालो हेदवीवरून तवसाळला. हेदवीचा दशभुज गणपती झाला, बामणघळीला मात्र ओहोटी होती, त्यामुळे कातळातल्या फटीतून उसळणारं पाणी लेकीला काही दिसलं नाही. ते बघायचं तर भरतीची वेळ आधी विचारून जा. तवसाळला फेरीबोट लागलीच होती. शास्त्री नदीच्या मुखावरून ती गाडीसकट जयगडला नेऊन सोडते. नाहीतर रस्त्याने लांबलचक वळसा. बोटीवरचा पोरगा हातवारे करत गाडी मागे-मागे घेववतो, आरसे मिटायला लावतो आणि शेजारच्या गाडीला इतकी खेटवतो की दार उघडायला चार बोटांची फट उरते. आईला त्याआधीच किनाऱ्यावर उतरवून चालत बोटीवर चढवलं, हे बरं झालं. अशा आणखी फेऱ्या दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा इथेही आहेत. माझ्या मते किनाऱ्याच्या प्रवासाची आखणी करताना घाटाखालोखाल मान यांना द्यावा.

गणपतीपुळ्याबद्दल वेगळं काय सांगणार? दर्शन घ्या, डोंगराला प्रदक्षिणा घाला, आणि पोरांना तिथल्या समुद्रात सोडू नका. तो दिसतो तसा नाही, दरवर्षी माणसं जातात. पुढे आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवली नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. रत्नागिरीत थिबा पॅलेस बघितला. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या या राजाला पदच्युत केलं, रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. आई म्हणाली, “वाडा मोठा दिलाय, पण माणूस आपल्या गावी जायचा राहिला ना.”

पावसच्या अलीकडे एका बागेशी रस्त्यावरच थांबलो, कारण वास आला. हापूसला मोहोर फुटत होता. जवळून बघितलं तर काही फांद्यांच्या टोकाला लालसर देठांचे, बारीक कळ्यांचे तुरे, आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या अंगाला तांबूस कोवळी पानं. बागायतदार फवारणीचा पंप पाठीवरून उतरवत होते. म्हणाले, “पाऊस लांबला ना, म्हणून अर्ध्या झाडानं पालवी काढलीन. आता थंडी धरली पाहिजे. ढग आले की तुडतुडा आलाच समजा.” तुडतुडा मोहोरातला रस शोषतो, पानांवर चिकटा पडतो, मग फुलं गळतात. आपण पुण्यात एप्रिलमध्ये पेटीचा भाव ऐकून डोळे मोठे करतो. त्या भावाची गोष्ट डिसेंबरातल्या या चार थंड रात्रींपासून सुरू होते. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं त्याबद्दल विचारलं, तर ते नुसते हसले आणि आभाळाकडे बघायला लागले.

माझा मासा मला रत्नागिरीतच मिळाला. सुरमईची तुकडी, तिरफळ घातलेला बांगडा. तपशील देत नाही, आईही वाचते हे.

परतीला आंबा घाट. आखणीप्रमाणे दुपारी दोनला साखरप्यात जेवून वर निघालो, सूर्य पाठीशी. हा चढ मला कुंभार्लीपेक्षा रुंद वाटला, पण रुंदीकरणाची कामं, मातीचे ढिगारे आणि कोल्हापूरहून भाजी घेऊन भरधाव उतरणारे टेम्पो धरून ठेवावेत. वर आंब्याला पोचलो आणि गाडीच्या काचा खाली केल्या. पंधरा-वीस मिनिटांत हवा बदलली होती. लेकीला चढताना काही झालं नाही. चढणीला वेग कमी असतो आणि गाडी झोके घेत नाही, म्हणून असावं. पुढच्या वेळी बेत करताना हे ध्यानात ठेवणार आहे: ज्यांच्याकडे गाडी लागणारी मंडळी आहेत त्यांनी सौम्य घाट उतरायला ठेवावा आणि वळणांचा घाट चढायला.

मलकापूर सोडलं तोवर ऊन कलायला लागलं होतं आणि पहिली ट्रॉली समोर आली. बायको म्हणाली, सरळ पुणं गाठू, चार-साडेचार तास तर आहेत. मी ऐकलं नाही. कोल्हापुरात राहिलो, आईला अंबाबाईचं दर्शन झालं, मला तांबडा-पांढरा रस्सा मिळाला, आणि रात्री खोलीतच पुढच्या वर्षीचं भांडण सुरू झालं. बायकोला भुईबावड्याने उतरायचंय. मी फोंड्यावर ठाम आहे. आईचं माहेर दोन्हीच्या वाटेवर येत असल्यामुळे तिचं मत या वेळी कुणाला पडेल सांगता येत नाही.