पायपेटी आणि डीप पर्पल

‘शाळेने मला काय दिले’ यावर स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. शिस्त, संस्कार वगैरे बाकीचे लिहितीलच. मला शाळेने डीप पर्पल हा इंग्लिश रॉक बँड दिला, आणि तोही संगीताच्या तासाला.

मी १९७८च्या दहावीच्या तुकडीतला. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात कान तयार व्हायचे ते चवथीच्या घुमट आरत्यांवर, सप्ताहातल्या भजनांवर आणि जत्रेतल्या संगीत नाटकांवर. मीही भजनाला पेटी धरायचो. वर्गातल्या एका मित्राचे वडील बोटीवर होते. त्यांनी आणलेला टेप आणि या बँडच्या ‘मशीन हेड’ अल्बमची कॅसेट घेऊन तो शाळेत आला. सर रागावतील म्हणून आवाज बारीक ठेवला होता. सरांनी तो स्वतःच वाढवला, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “हो मनीस पेटी वाजयता मरे!”

तो मनीस म्हणजे जॉन लॉर्ड. नाटकाच्या पायपेटीला सरावलेल्या सरांनी गिटारच्या गदारोळातून नेमका हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारा ऑर्गन, वेचून काढला होता. लॉर्डने हा ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला आणि त्याचा आवाज असा खरखरीत केला, की गिटारशी बरोबरीने भांडता यावे. हाच माणूस १९६९मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि आपला बँड यांच्यासाठी स्वतः रचलेला कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची मोठी रचना, वाजवून आला होता. ‘स्मोक ऑन द वॉटर’ म्हटले की सगळे गिटार आठवतात. नीट ऐका, गिटारमागोमाग त्याच सुरांवर ऑर्गन येतो. अर्धी भव्यता त्याची. निदान माझे मत तसे आहे.

गंमत म्हणजे, आम्ही या बँडवर जीव टाकत होतो तेव्हा तो फुटलेला होता, १९७६मध्येच! फोंड्यात हे आम्हाला कोण सांगणार? १९८४मध्ये जुनी पाच माणसे पुन्हा जमली, ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ हा नवा अल्बम आला. मी तेव्हा नोकरीत चिकटलो होतो. पगारातून पहिली वस्तू कोणती घेतली ते घरी अजून ऐकवतात.

एप्रिल १९९५मध्ये ते मुंबईला आले. कोकण रेल्वे व्हायची होती, रात्रभर बसने गेलो. मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता, गिटारवर स्टीव्ह मोर्स होता. लोक त्याच्याकडे पाहत होते. मी डावीउजवीकडच्या धक्क्यांतून फक्त ऑर्गनवरचे हात शोधत होतो.

लॉर्ड २००२मध्ये बँडमधून निवृत्त झाला, २०१२मध्ये गेला. त्याच्या जागी डॉन एअरी वाजवतो, उत्तम वाजवतो. नवे अल्बमही मी घेतो. मात्र तो कॅसेटवाला मित्र आजही फोनवर मला सांगतो की ब्लॅकमोर गेला तिथेच बँड संपला, ऑर्गन म्हणजे नुसती साथ. स्नेहसंमेलनाला येतोय म्हणे. ये बाबा, टेप मी आणतो.