पाकिटावरची तारीख

शनिवार, 8 मार्च 2025. दुसरा शनिवार, म्हणजे डीआरटी (कर्जवसुली न्यायाधिकरण) बंद. चाकणला राहणाऱ्या एक ताई साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आल्या. पिशवीत अकरा पाकिटे होती आणि त्यांतली चार अजून फोडलेलीच नव्हती. सोबत वर्तमानपत्राचे एक कात्रण. गृहकर्ज थकल्याने कर्ज देणाऱ्या कंपनीने काढलेला त्यांच्या फ्लॅटचा लिलाव 13 मार्चला, म्हणजे नेमका होळीच्या दिवशी.

"साहेब, थकलेत तीन लाख आणि हे चोवीस लाख मागतायत. हे कसं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सरफेसीच्या, म्हणजे कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याच्या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक जण तो विचारतो. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते एनपीए (अनुत्पादक, थकीत) होते. मग कलम 13(2) ची मागणी नोटीस येते, आणि तिच्यात थकलेले हप्ते नाही, सगळे कर्ज परत मागितलेले असते. हे कायदेशीर आहे, धक्का कितीही बसला तरी.

मी सगळी पाकिटे टेबलावर तारखेप्रमाणे लावून घेतली. हे काम आधी करायचे, रडगाणे नंतर ऐकायचे.

मागणी नोटीस 12 जुलै 2024 ची, रक्कम 24 लाख 18 हजार. तिच्यातले 60 दिवस फुकट गेले होते. या काळात कर्जदाराला लेखी हरकत घेता येते, आणि 13(3अ) प्रमाणे कर्ज देणाऱ्याला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. हिशेब चुकला असेल, भरलेले पैसे खात्यात दिसत नसतील, तर सांगायची जागा हीच. नोकरी गेल्यावर यजमानांनी दारावर आलेली पाकिटे शोकेसच्या मागे सारायला सुरुवात केली होती. हरकत गेलीच नाही. मधल्या काळात वसुलीवाल्याच्या हातात 20 हजार आणि नंतर 15 हजार रोख दिले होते. पहिल्याची पावती होती, दुसऱ्याची नाही. शिवाय अर्धवट रकमेने खाते सुधारत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2021 च्या स्पष्टीकरणानुसार व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरली तरच एनपीए खाते पुन्हा नियमित होते. थोडे थोडे भरत राहणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, वसुलीवाला तर नाहीच.

ताबा नोटीस 8 ऑक्टोबरची. सांकेतिक ताबा, म्हणजे दाराला कागद चिकटवला आणि पेपरात छापला, माणसे घरातच. लोकांना वाटते, अजून घरात आहोत ना, मग काही झालेले नाही. पण कलम 17 खाली डीआरटीत जायचे 45 दिवस इथूनच सुरू होतात. सांकेतिक ताब्यालाही आव्हान देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हिंडन फोर्जच्या निकालात सांगितले आहे. इथे ते 45 दिवस 22 नोव्हेंबरलाच संपले होते. दरम्यान एका ओळखीच्याने दिवाणी कोर्टात दावा लावायचा सल्ला दिला होता. लावला नाही हे नशीब. कलम 34 प्रमाणे ते कोर्ट यात पडूच शकत नाही, आणि तारखा मात्र निघून जातात.

मग न फोडलेले चौथे पाकीट फोडले. आत विक्रीची नोटीस. वर तारीख 4 फेब्रुवारी, लिलाव 13 मार्च. मोजले तर 37 दिवस. सरफेसीच्या नियम 8(6) आणि 9(1) प्रमाणे पहिल्या लिलावाला किमान 30 दिवस लागतात, त्यामुळे कागदावर सगळे ठाकठीक. ताई ते रिकामे पाकीट चुरगाळून टोपलीत टाकणार होत्या. मी हात धरला.

स्पीड पोस्टच्या चिकटपट्टीवर बुकिंगची तारीख होती 19 फेब्रुवारी. म्हणजे पत्र टाईप झाले 4 तारखेला आणि पंधरा दिवस कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिले. बारकोडचा नंबर ट्रॅकिंगमध्ये टाकला. घरी पोचले 22 तारखेला. कात्रण 20 फेब्रुवारीचे. पेपरातून मोजा, 21 दिवस. पोचल्यापासून मोजा, 19. मुदत पत्रावरच्या तारखेपासून धावत नाही. नोटीस बजावल्यापासून किंवा पेपरात छापल्यापासून धावते. पहिला लिलाव होऊन फसला असता तर पुढच्याला 15 दिवस चालतात, म्हणून आधी कधी लिलाव झाला होता का, हे दोनदा विचारून घेतले. नव्हता.

लिलावाची नोटीस हे वेगळे पाऊल, म्हणून तिची 45 दिवसांची मुदतही वेगळी. रविवारी अर्ज तयार केला. फी मागणीच्या रकमेवर: पहिल्या 10 लाखांना 5,000, पुढच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला 250. चौदा लाख अठरा हजारांचे पंधरा भाग धरून 8,750 रुपये. पाकिटाची दोन्ही बाजूंची रंगीत प्रत, ट्रॅकिंगची छापील प्रत, कात्रण. शिवाय त्याच इमारतीतल्या तेवढ्याच फ्लॅटची सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), 43 लाखांच्या खरेदीची. लिलावाची राखीव किंमत होती साडेचौतीस. पैशांबद्दलही आधीच बोलून ठेवले, कारण न्यायाधिकरण स्थगिती देताना बहुतेक वेळा काही रक्कम भरायला सांगते आणि रिकाम्या हाताने मागितलेली स्थगिती फार टिकत नाही. भावाने लाखभराची सोय केली.

सोमवारी सकाळी दाखल, मंगळवारी सुनावणी. पीठासीन अधिकाऱ्यांनी 37 चा आकडा वाचून मान हलवली, मग पाकिटाची प्रत मागितली. समोरच्या वकिलांनी मूळ पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि सूचना घ्यायला एक दिवस मागितला. बुधवारी गृहकर्ज कंपनीने नोटीस मागे घेत असल्याचे निवेदन केले. नवी काढायची मुभा ठेवून, अर्थात.

इथेच बरेच जण पेढे वाटतात. मी ताईंना घाई करायला सांगितले. 2016 च्या दुरुस्तीनंतर कलम 13(8) प्रमाणे सगळे देणे खर्चासह भरून मालमत्ता सोडवायचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस छापून येईपर्यंतच असतो; सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स प्रकरणात ते पक्के केले. आधी विक्री पुरी होईपर्यंत वाट पाहता यायची, आता नाही. नोटीस मागे गेल्याने बंद झालेले दार किलकिले झाले होते, नवी छापली की पुन्हा बंद. चोवीस लाख कोण आणणार? पण नुसती थकबाकी भरून खाते नियमित करून घेणे हा हक्क नाही, कंपनीची राजीखुशी आहे. ती मागायला हाच काळ बरा, कारण नव्या लिलावाचा खर्च आणि वेळ त्यांनाही नको असतो.

यजमानांना विचारले, जुन्या कंपनीतला पीएफ काढला का? नव्हता काढला. दोन लाख दहा हजार पडून होते आणि नोकरी सुटून वर्ष होत आले होते. बाकीचे सोन्यावर.

कंपनीच्या पहिल्या पत्रकात 'कायदेशीर व जाहिरात खर्च' 61,000 लिहिला होता. बिले मागितली. उलट टपाली आकडा 38,000 झाला. 20 हजारांची पावती त्यांच्या खातेउताऱ्यात नव्हती, ती लावून घेतली; बिनपावतीचे 15 हजार मात्र गेले ते गेले.

आरटीजीएस करण्याआधी एकच कागद अडवून धरला: एवढी रक्कम मिळाल्यावर खाते नियमित होईल आणि सरफेसीची कारवाई मागे घेतली जाईल, असे अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र. शाखेतल्या साहेबांचे म्हणणे, व्हॉट्सॲपवर टाकलंय ना. नाही चालत. पत्र तिसऱ्या दिवशी आले, तेही स्पीड पोस्टने. ताईंनी ते फोडले आणि पाकीट आतल्या पत्राला स्टेपल करूनच माझ्याकडे आणले.