तुम्ही विचारलंत म्हणून: कम्प्युटरला कुठलं कॉलेज?

इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत आणि वाशीपासून पनवेलपर्यंत एकच प्रश्न फिरत असतो: "मुलीला ब्याण्णव पर्सेंटाइल आहेत, कम्प्युटरच हवंय, जवळपासचं चांगलं कॉलेज सांगा ना." विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. नावं तुम्हालाही ठाऊक आहेत. वाशीचं अग्नेल, नेरूळचं एसआयईएस आणि टेर्ना, ऐरोलीचं दत्ता मेघे, कोपरखैरण्याचं लोकमान्य टिळक, नव्या पनवेलचं पिल्लई, कासारवडवलीचं ए. पी. शाह. पण नावावर काही ठरत नाही. ठरतं ते दोन कागदांवर: एक कॉलेजच्या वेबसाइटवर कुठेतरी कोपऱ्यात पडलेला असतो आणि दुसरा, म्हणजे कॉलेजांची पसंती क्रमाने लिहायचा ऑप्शन फॉर्म, तुम्हाला स्वतःला भरायचा असतो.

त्याआधी कटऑफची यादी वाचता यायला हवी. सीईटी सेलच्या, म्हणजे हे प्रवेश चालवणाऱ्या राज्याच्या कक्षाच्या यादीत प्रत्येक शाखेखाली जीओपनएच, एलओबीसीएस असले कोड असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. जिथे एच आणि ओ वेगळे छापलेले असतात तिथे आपण कुठल्या रकान्यातले हे आधी बघा. मुलगा ठाण्याचा असला तरी बारावी लातूरहून केली असेल, तर त्याचं होम युनिव्हर्सिटी मुंबई राहत नाही. कोडखाली दोन आकडे असतात, वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. आपला क्रमांक वरच्याशी ताडून पाहा. आणखी एक: मुंबई पट्ट्यातल्या बऱ्याच कॉलेजांना भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जा आहे. तिथे १२० जागा छापलेल्या असल्या तरी सगळ्यांना खुल्या असलेल्या जागा खूपच कमी असतात. म्हणून एकूण जागा बघू नका, सीट मॅट्रिक्स, म्हणजे कुठल्या गटाला किती जागा याचा तक्ता, बघा.

आता तो वेबसाइटवरचा कागद. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजला, सरकारकडे भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवावी लागते. मुखपृष्ठाच्या तळाशी किंवा आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) पानावर 'एनआयआरएफ' अशी बारीक लिंक असते. पीडीएफ उघडा आणि चार वर्षांच्या पदवीचा तक्ता शोधा. त्यात तीन वर्षांच्या ओळी असतात: किती जागा, किती भरल्या, थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमावाले किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, किती नोकरीला लागले, त्यांच्या पगाराचा मध्यक (पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा) किती आणि पुढे शिकायला किती गेले.

समजा, एका ओळीत ४०५ प्रवेश, ३५ डिप्लोमावाले, मुदतीत पास ३३०, नोकरी २४०, मध्यक साडेचार लाख आणि उच्च शिक्षण ३० असं आहे. वर्गात बसलेली मुलं ४४०. त्यातली ११० म्हणजे पंचवीस टक्के केटीत (राहिलेले विषय पुन्हा देण्यात) अडकली किंवा सोडून गेली. पास झालेल्यांपैकी ६० ना नोकरीत, ना पुढच्या शिक्षणात. आणि बसलेल्या मुलांच्या हिशेबाने नोकरी लागली ती जेमतेम ५५ टक्क्यांना. याच कॉलेजच्या फ्लेक्सवर '९५ टक्के प्लेसमेंट' छापलेलं असू शकतं आणि ते खोटंही नसतं, कारण तिथे टक्केवारी 'एलिजिबल' मुलांची असते. एलिजिबल म्हणजे ज्यांना केटी नाही, गुण अमुक टक्क्यांच्या वर आहेत आणि ज्यांनी प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलंय.

सरासरी पॅकेजचाही हाच खेळ. नऊ मुलांना चार-चार लाख आणि एकाला चव्वेचाळीस लाख मिळाले, तर सरासरी आठ लाख होते. आठ लाख मात्र एकालाही मिळालेले नसतात! मध्यक चारच राहतो. म्हणून मध्यक विचारा. या तक्त्यात मेकॅनिकल-सिव्हिलचीही मुलं मिसळलेली असतात, तेव्हा प्लेसमेंट ऑफिसरकडे फक्त कम्प्युटरची यादी मागा, कंपनीचं नाव आणि मुलांची संख्या अशी. ती द्यायला कॉलेज किती खळखळ करतं, त्यातूनही बरंच कळतं.

शाखेच्या नावावरून घरोघरी वाद होतात. एकाच कॉलेजात कम्प्युटर मिळालं नाही आणि आयटी मिळालं तर रडू नका. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हा गाभा दोन्हीकडे जवळपास सारखाच आणि कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या दोघांनाही बसू देतात. आयओटी, सायबर सिक्युरिटी, ब्लॉकचेन असं आगगाडीएवढं नाव असेल, तर तिसऱ्या वर्षाचे विषय काढून बघा. वेगळे विषय किती आणि पाटीच तेवढी वेगळी का, ते कळेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिकवणारे किती. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने, निकष पाळणाऱ्या कॉलेजांसाठी, एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली आणि कम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. कटऑफ खाली आला म्हणजे कॉलेज घसरलं असं नव्हे, जागा वाढल्या असतील. पण प्राध्यापक आणि लॅब त्याच वेगाने वाढत नाहीत. हिशेब सोपा आहे. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा निकष, वर्षाला १८० जागा, चार वर्षांची ७२० मुलं, म्हणजे छत्तीस शिक्षक हवेत. विभागाच्या पानावर नावं मोजा. तेच सर कम्प्युटरच्याही आणि एआयच्याही यादीत आहेत का बघा. रुजू झाल्याची तारीख दिली असेल तर तीन वर्षांपेक्षा जुने किती तेही मोजा. एनबीए ही राष्ट्रीय मान्यता एकेका शाखेला असते आणि नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजला; 'नॅक ए प्लस'वरून कम्प्युटर विभागाबद्दल काही कळत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली दहा-बारा मिनिटं, नेरूळ अर्धा-पाऊण तास, आणि गर्दीच्या वेळी घोडबंदर रोडने कासारवडवलीला त्याहून जास्त. नकाशावर जवळ दिसणारं कॉलेज घड्याळात लांब निघतं. माटुंग्याचं व्हीजेटीआय मिळत असेल तर स्लो लोकलचा पाऊण तास बिनधास्त सोसा. एरवी एका दिशेला सव्वा तासाच्या वर गेलं की तिसऱ्या वर्षी मुलं लॅब बुडवायला लागतात.

फी बघताना अभिमत विद्यापीठ वेगळं काढा. नेरूळचं रामराव आदिक आता डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात आहे. असल्या ठिकाणी प्रवेशही वेगळा आणि राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाची फीही लागू नाही. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याची जागा घेतलीत की ही सवलत गेली. एवढा खर्च नकोच असेल, तर ठाण्यात बांदोडकर किंवा ज्ञानसाधनासारख्या कॉलेजात बीएस्सी आणि मग दोन वर्षांचं एमसीए हा रस्ता आहेच. त्याला एक वर्ष जास्त लागतं, पण फी पुष्कळ कमी.

राहिला ऑप्शन फॉर्म. सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथेच होतात. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागायचा. दुसरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसरीत पहिल्या सहापैकी. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.

बरेच पालक 'हे नक्की मिळेल' ते कॉलेज घाबरून पहिल्या क्रमांकावर टाकतात. ते पहिल्याच फेरीत मिळतं आणि फॉर्म तिथेच गोठतो. पुढे आयआयटी-एनआयटीचे प्रवेश झाले की वरची मुलं जागा सोडतात, कटऑफ उतरतो आणि ज्या कॉलेजची खरी इच्छा होती त्याचं दार उघडतं. तुम्ही मात्र आत बंद. वरच्या क्रमांकावर अशक्य वाटणारी कॉलेजं टाकल्याने खालच्याची संधी जात नाही. यंत्रणा तुमच्या गुणवत्ता क्रमांकावर थांबते आणि वरून खाली बघत जे पहिलं मिळेल ते देते. म्हणून क्रम आवडीचा लावा, शक्यतेचा नको. पर्याय तीनशेपर्यंत देता येतात, त्यामुळे पंधरावर थांबायचं कारण नाही. तिसऱ्या फेरीआधी मात्र वरचे सहा पुन्हा नीट वाचा. त्यातलं एखादं लांब आहे म्हणून नको असेल तर तेव्हाच खाली ढकला.

आणि हे सगळं करायच्या आधी, जूनमध्येच, तहसील कचेरीतल्या सेतूची रांग धरा. नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावरची तारीख पुढच्या ३१ मार्चपर्यंतची आहे का बघा. मुदत संपलेला दाखला लावलेला फॉर्म खुल्या प्रवर्गात जातो आणि मग वर लिहिलेले सगळे कटऑफ चुकीच्या रकान्यात वाचलेले ठरतात.