सायकलचा नवा गिअर विकायचाय? आधी व्हर्निअर घ्या

गिअरचा नमुना टेबलावर गरगर फिरला की कंपनी काढायची घाई सुटते. नाव ठरतं, लोगो होतो, रील पडते. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महाग पडते, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

शोध स्वतःच जगजाहीर केला आणि नंतर पेटंटचा अर्ज केला, तर आपलीच रील आपल्या विरोधातला पुरावा ठरते. पेटंट कायद्याच्या कलम ३१ ची वर्षभराची सवलत आहे खरी, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती. कॉलेजचं टेक्फेस्ट किंवा सोसायटीच्या पार्किंगमधला व्हिडिओ त्यात बसत नाही. तेव्हा आधी अर्ज, मग रील. त्यासाठी कंपनी लागतही नाही. ऑनलाइन अर्जाची फी एकट्या माणसाला १,६०० रुपये आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपलाही तेवढीच. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) बसणारा गिअर’ एवढं एक पान लिहून तारीख पकडायची. आठ महिन्यांनी क्लचची खरी युक्ती सुचते आणि तिला ती जुनी तारीख मिळत नाही, कारण पहिल्या कागदात ती नव्हतीच. आकृत्या, पर्याय, फसलेली रचनासुद्धा, सगळं पहिल्याच दिवशी घाला. तपासणीची विनंती ३१ महिन्यांच्या आत करायची, लहान अर्जदाराला ४,००० रुपये. नेटवरच्या जुन्या लेखांत अजून ४८ महिने लिहिलेले सापडतात. ती मुदत मार्च २०२४ च्या नियमांनी गेली.

आधी काय काय होऊन गेलंय ते शोधताना ‘बायसिकल गिअर’ टाइप करून भागत नाही. पेटंटच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधा. हबमध्ये बसणाऱ्या प्लॅनेटरी गिअरसाठी (मध्ये सन गिअर, त्याभोवती छोटे प्लॅनेट, बाहेरून दात्यांची रिंग) बी६२एम ११/१६, चेनच्या गिअरसाठी बी६२एम ९. प्लॅनेटरी गिअर ही स्वतः शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे आणि माहितीतल्या वस्तूंची नुसती नवी मांडणी कलम ३(एफ) खाली उडते. तुमचं नवीन काय? क्लच, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), की सन गिअर अडकवायची पद्धत? दावा तेवढ्याचाच करा.

हक्क कुणाचे, हेही याच टप्प्यावर कागदावर आणा. स्टर्मी-आर्चर हे सायकलच्या हब गिअरचं जुनं इंग्रजी नाव, पण ज्याने तो गिअर केला त्या विल्यम राइलीचं नाव त्यात नाही. त्याने आधी ‘द हब’ नावाचा दोन गिअरचा हब केला होता आणि त्याच्या करारात पुढच्या शोधांचे हक्कही अडकले होते. म्हणून तीन गिअरच्या हबचं पेटंट त्याच्या सहकाऱ्याच्या, जेम्स आर्चरच्या नावाने गेलं. पुढे हेन्री स्टर्मीची रचनाही जोडीला आली आणि रॅले सायकल कंपनीच्या फ्रँक बाउडनने नॉटिंगहॅममध्ये तीन गिअरचा धंदा उभा केला. आपल्याकडे हा गुंता कॉलेजची लॅब, नोकरीतली कंपनी किंवा ‘आपलाच माणूस’ म्हणून फुकट डिझाइन करून देणारा मित्र, यांच्यामुळे होतो. शोध ज्यांचा, त्यांनी सही करून हक्क कंपनीच्या नावे करायचे. तोंडी चालत नाही. आणि परदेशात अर्ज करायचा असेल तर भारतात अर्ज केल्यावर सहा आठवडे थांबायचं, नाहीतर आधी परवानगी घ्यायची. पण तिकडचा अर्ज पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आत.

आता व्हर्निअरकडे, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीकडे येऊ. गिअर चालतो का, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. जुन्या सायकलमधून जुना हब काढला आणि त्याच जागी आपला बसला, असं होतं का, यावर कंपनी तरते किंवा बुडते. शिमानोने १९८४ मध्ये क्लिक-क्लिक बदलणारा गिअर आणला तेव्हा शिफ्टर, केबल, चेन आणि फ्रीव्हील (मागचं दातेचक्र) सगळं आपलंच घ्यायला लावलं, आणि ते चाललं. तुमच्याकडे तो दम नाही. तुम्हाला दुसऱ्याच्या सायकलीत मुकाट्याने बसायचंय.

उदाहरणाला काळी घोडा सायकल घ्या. मागच्या रीमला ४० भोकं, पुढच्या रीमला ३२. बाजारात मिळणारे तीन गिअरचे हब बहुतेक ३६ भोकांचे. त्यांचंच ड्रॉइंग उतरवलं तर गिऱ्हाइकाला हबसोबत नवी रीमही घ्यावी लागेल, आणि तो घेणार नाही. हबला ४० भोकंच पाडा. फ्लँजचा, म्हणजे हबच्या कडेच्या भोकांच्या चकतीचा, व्यास बदलला की स्पोकची लांबीही बदलते, आणि मिस्त्रीच्या डब्यात ठरावीक मापाचेच स्पोक असतात. मागच्या फाट्यात एकेरी फ्रीव्हीलची जागा ११० मिमीच्या आसपास असते. तिथे १२० चा हब घालायला फाटा ताणला की चाक एका बाजूला जातं आणि चेन वाकडी चालते. चेन अर्धा इंच बाय एक अष्टमांश, म्हणजे तुमचं मागचं दातेचक्रही त्याच जाडीचं हवं. एखाद्या सायकल स्टँडवर जा आणि पन्नास सायकलींची मापं घ्या: फाट्याची आतली रुंदी, एक्सल (चाकाचा आस) बसतो त्या खाचेची रुंदी, पत्र्याची जाडी. कारखान्याचं ड्रॉइंग काहीही सांगो, दहा वर्षं दुधाचे कॅन वाहिलेला फाटा वेगळंच माप दाखवतो.

गिअरचं गणितही याच सायकलवर करा. स्टर्मी-आर्चरचा १९३६ पासूनचा एडब्ल्यू हब अजूनही सगळ्यात चांगला धडा आहे: सन गिअरला २० दाते, चार प्लॅनेट प्रत्येकी २० दात्यांचे, रिंगला ६०. त्यातून ०.७५, १ आणि १.३३ हे तीन गिअर निघतात. २८ बाय दीडच्या चाकाचा घेर साधारण २.२४ मीटर. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४८ मीटर जाते. आता हब बसवून मागे तेच १८ ठेवले, तर पहिला गिअर ४.११ मीटर आणि तिसरा ७.३ मीटर. तो तिसरा कुणीच वापरणार नाही. मागे २२ दाते लावा: ३.३६, ४.४८ आणि ५.९७. आता तिसरा सपाट रस्त्याला आणि पहिला चढाला. ताशी ८ किमीने चढताना मूळ सायकलवर पाय मिनिटाला २४ फेरे मारतो, नव्या पहिल्या गिअरवर ४०. गुडघ्याला फरक कळतो तो इथे. ताकद मात्र गिअर निर्माण करत नाही. ‘आमच्या गिअरने ३० टक्के कमी मेहनत’ असं पॅकिंगवर छापू नका. उलट हब गिअर डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या गिअरच्या, मागे साधारण दोन टक्के असतो.

आता जोर. ८० किलोचा माणूस १७० मिमीच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) उभा राहिला की क्रँकवर १३३ न्यूटन-मीटर येतात. ४४ ला २२ असेल तर हबला ६७ पोचतात आणि पहिल्या गिअरमध्ये हबमधून ८९ बाहेर पडतात. मधले २२ न्यूटन-मीटर कुठून आले? फ्रेममधून. सन गिअर एक्सलला धरलेला असतो आणि एक्सल फाट्याला. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये एक्सल फाट्यात फिरू पाहतो आणि तिसऱ्यात तोच १७ च्या जोराने उलट्या दिशेला. दिवसभर असा इकडून तिकडे पिळ बसला की नट कितीही आवळा, सैल होतो. एक्सलला दोन बाजूंनी सपाट तासायचं आणि खाचेत अडकणारी जिभेची वॉशर दोन्हीकडे द्यायची. वॉशर पाच-सहा रुपयांची असते, आणि ती पाकिटात विसरलात तर महिन्याभरात हब परत येतो. चाचणी मात्र ८० किलोवर थांबवू नका. मागे पोतं आणि पुढे दांड्यावर पोरगं, ही आपल्याकडची रोजची सवारी आहे. दुपटीने करा.

एडब्ल्यूची एक जुनी खोड माहीत असू द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा आहे. केबल थोडी सैल झाली की उभ्याने मारलेलं पायडल अचानक मोकळं सुटतं आणि माणूस दांड्यावर आदळतो. नव्या रचनेत ही जागा ठेवूच नका.

दात्यांच्या उष्णोपचारात पहिली बॅच हमखास फसते. भोसरीत किंवा शिरोलीत २०एमएनसीआर५ पोलादाचे गिअर केस हार्डनिंगला (वरची साल कडक करायला) दिले आणि काही सांगितलं नाही, तर भट्टीवाला आपल्या नेहमीच्या गाडीच्या गिअरची खोली देतो, ०.६ ते ०.८ मिमी. मोड्यूल १ (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) च्या दाताची जाडीच मुळात दीड मिमी. दोन्ही बाजूंनी तेवढी कडक साल गेली की आतला मऊ गाभा उरतच नाही आणि दात काचेसारखा तुटतो. ड्रॉइंगवर ०.२ ते ०.३ मिमी स्पष्ट लिहा, कडकपणा रॉकवेल मापाने ५८ ते ६० एचआरसी. रिंग गिअर पातळ असतो, तो तेलात बुडवल्यावर अंडाकृती होतो. हे हातात घेतल्यावर दिसत नाही. हब जोडून हळू फिरवला की एका फेऱ्यात दोनदा जड लागतो, तेव्हा कळतं. मग रिंगसाठी आधी कडक केलेलं ईएन१९ पोलाद घेऊन नंतर नायट्रायडिंग (नायट्रोजनने वरची साल कडक करणं) करा. कमी तापमानाला होतं, आकार फारसा बिघडत नाही.

पैशाचा हिशेब उलटीकडून करा. छापील किंमत ३,००० धरा. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, तो काढला की २,८५७. दुकानदाराचे २५ टक्के गेले की २,१४३, वितरकाचे ८ टक्के गेले की १,९७२. वॉरंटी, खोकं, वाहतूक मिळून १४० ठेवा. १,८३० उरले. हब १,४०० ला पडत असेल तर हातात ४३०, त्यातून पगार, भाडं, सगळं. साच्यांना १२ लाख घातले असतील तर फक्त तेच फिटायला २,८०० च्या आसपास नग विकावे लागतील. त्यात पोलाद १८ टक्क्यांनी घ्यायचं आणि माल ५ टक्क्यांनी विकायचा, म्हणजे जीएसटीचं क्रेडिट साचत जातं. कच्च्या मालाचा रिफंड मागता येतो, पण मशिनरी आणि हीट ट्रीटमेंटच्या जॉबवर्कवर भरलेला कर त्या रिफंडच्या हिशेबात धरत नाहीत. खेळत्या भांडवलात हे आधीच मोजा. म्हणूनच कारखान्याच्या आधी पाच नग हाताने, मग पन्नास, मग पाचशे. पन्नासच्या आत साच्याला हात लावू नका.

कंपनीची नोंदणी त्या मानाने किरकोळ. प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर, स्पाइस प्लस फॉर्म, सोबत उद्यम नोंदणी. ट्रेडमार्क वर्ग १२ मध्ये, लहान उद्योगाला ४,५०० रुपये.

विक्री मात्र मिस्त्रीच्या हातात. तो जे बिघडेल म्हणतो ते बिघडतंच. फ्रीव्हीलच्या पॉलना, म्हणजे एकाच दिशेला अडकणाऱ्या खटक्यांना, तो कुत्रे म्हणतो आणि हब उघडला की सवयीने रॉकेलने धुऊन सगळीकडे बोटभर पिवळं ग्रीस भरतो. छर्र्यांना ते ठीक. पण कुत्र्यांवर ग्रीस बसलं की केसासारखी स्प्रिंग त्यांना उचलू शकत नाही, पायडल फुकट फिरतं आणि गिऱ्हाईक म्हणतो गिअर खराब. कुत्र्यांना पातळ तेलच लागतं. हे माहितीपत्रकात लिहून वाचलं जात नाही. हबच्या अंगावरच तेलाचं झाकण द्या आणि शेजारी ‘तेल’ असा शब्द कोरा. प्रत्येक दुकानाला एक कापून उघडा ठेवलेला हब द्या, आतलं फिरताना दिसेल असा, आणि एक डबी: कुत्र्यांच्या स्प्रिंगा दहा, बेअरिंगचे कोन चार, जिभेच्या वॉशर सहा, गिअरची केबल दोन, शिफ्टरची साखळी एक. पावसाळ्याच्या तोंडावर ती डबी पुन्हा भरून द्यायची.