शहाबादी फरशी आणि स्टुटगार्टचा नळ: क्षार, ॲसिड आणि घरातली साफसफाई

जर्मनीत स्टुटगार्टमध्ये भाड्याने घर घेतलं की किल्लीबरोबर घराचे नियम छापलेला कागद पण हातात येतो, आणि बऱ्याच बिल्डिंगांमध्ये त्यात केरवोखे असते म्हणजे असतेच. आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा आणि पुसायचा. आपली पाळी आली की दारावर एक पाटी लटकते, आठवडा संपला की ती आपण शेजारच्या दारावर नेऊन लावायची. छोटी केरवोखे म्हणजे आपल्या दारासमोरचा भाग आणि तिथून खाली जाणारा जिना, मोठी म्हणजे तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, बाहेरचा फुटपाथ असं सगळं. याचं मूळ पार १४९२ च्या शहराच्या कायद्यापर्यंत जातं, १७१४ मध्ये गल्ल्या साफ ठेवण्याचा वेगळा हुकूम निघाला, आणि १९८८ मध्ये शहराने सक्ती काढून टाकली तरी भाडेकरारांमधून ती आजही मजेत चालू आहे.

पण मला लिहायचंय ते जिन्यापेक्षा घराच्या आतल्या साफसफाईबद्दल. समोरच्या घरातल्या आजी साफसफाईच्या बाबतीत पक्क्या आहेत, आणि त्यांच्याकडे बघून मला एक गोष्ट फार पटली, की बाटली उघडायच्या आधी त्या दोन गोष्टी बघतात, डाग कशाचा आहे आणि तो कशावर पडलाय. बस. आपल्याकडे घरोघरी एकच फिनाईल सगळीकडे, आणि ते नाही चाललं तर थेट ॲसिड. सोलापूरला आमच्या घरी हेच, तुमच्याकडेही असेलच.

आधी क्षारांचं घ्या कारण ते दोन्हीकडे सारखंच आहे. स्टुटगार्टचं पाणी बोडेनझे नावाच्या मोठ्या तलावातून आणि डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातून येतं, ते मध्यम जड आहे, तरीसुद्धा किटलीच्या तळाला, शॉवरच्या भोकांना आणि नळाच्या बुडाशी पांढरा थर जमतोच. आपल्याकडे बोअरचं पाणी असेल तर बादलीला, गिझरला, बाथरूमच्या टाइल्सला जे पांढरं चढतं तेच हे, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते साबणाने जात नाही, कितीही घासा, तारेच्या घासणीने घासलं तर क्षार राहतो आणि नळाची चकाकी मात्र जाते. त्याला आंबटच लागतं. इथे दुकानात एसिगएसेन्ट्स मिळतं, २५ टक्क्यांचं व्हिनेगर, म्हणजे आपण जेवणात घालतो त्याच्या साधारण पाचपट तीव्र, ते एक भाग आणि पाणी चार भाग असं पातळ करूनच वापरायचं, आणि डोळ्यांना जपायचं. मला स्वतःला सायट्रिक ॲसिडची पावडर जास्त आवडते, वास नाही काही नाही, आणि ही आपल्याकडे लिंबूसत्व म्हणून किराणा दुकानात सुद्धा मिळते. लिटरभर गार पाण्यात दोन मोठे चमचे, किटलीत ओतायचं आणि अर्धा तास विसरून जायचं. गार पाणीच घ्या हां, उकळलं तर त्याचा कॅल्शियम सायट्रेट होऊन तो वेगळाच थर बसतो आणि तो काढणं अजून अवघड. नळाला लावायचं असेल तर त्या पाण्यात कपडा भिजवून नळाभोवती गुंडाळून ठेवा, नंतर नुसतं पुसलं तरी निघतं, मग साध्या पाण्याने नीट धुवा.

आता खरी गंमत इथेच आहे आणि हे मला घरच्यांना फोनवर परत परत सांगावं लागतं. शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा, संगमरवर हे सगळे दगड मुळात चुनखडीचेच, म्हणजे जे कॅल्शियम कार्बोनेट आपण किटलीतून काढतोय त्याचीच ती फरशी बनलेली आहे. त्यामुळे जे आंबट क्षार खातं ते फरशी पण खातं, त्याला काय कळणार हा डाग आणि हा दगड. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळताना थेंब सांडला आणि तसाच राहिला की तिथे फिकट, खरखरीत डाग उरतो ना, तो डाग नाहीये, तिथलं पॉलिश गेलेलं असतं, म्हणून तो पुसून कधीच जात नाही. जुन्या मोझॅक टाइल्समध्ये पण सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात, त्यांचंही तेच. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स आंबट बऱ्यापैकी सोसतात पण टाइल्सच्या मधल्या फटीतलं सिमेंट नाही सोसत. आपल्या घरात कुठला दगड आहे हेच माहीत नसेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे आले की समजायचं चुनखडी आहे, लगेच धुवून टाका आणि त्या फरशीला ॲसिड, व्हिनेगर, लिंबू काही लावू नका. तिला कोमट पाणी आणि थोडासा सौम्य साबण पुरतो.

दुसरी गोष्ट जिवाची आहे म्हणून जरा स्पष्ट लिहिते. हार्पिकमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि डोमेक्समध्ये सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच. दोन्ही आपापल्या जागी चांगले पण एकाच संडासात, एकामागून एक न धुता ओतले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्याकडचे संडास-बाथरूम म्हणजे छोटीशी खिडकी, बंद दार, तिथे हा वायू थेट छातीत जातो. व्हिनेगर किंवा लिंबूसत्व ब्लीचमध्ये घातलं तरी तेच होतं, "नैसर्गिक" आहे म्हणून सुटका नाही. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन, ते पण तितकंच वाईट. चुकून झालंच आणि डोळे चुरचुरले, खोकला आला तर आधी बाहेर पडा, धुवायला, आवरायला तिथे थांबू नका, दार उघडं ठेवा, आणि श्वासाला त्रास होत असेल तर ११२ लावा, हा नंबर भारतातही चालतो आणि इथेही. आणि ते सायकलवर विकायला येणारं ॲसिड जुन्या पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घेणं कृपया बंद करा. लहान मूल बाटली बघतं, त्यातलं रसायन बघत नाही. कोणी प्यायलंच तर उलटी करायला लावायची नाही, कारण वर येताना ते अन्ननलिका परत एकदा भाजतं, तोंड पाण्याने खळखळून धुवायला लावायचं आणि बाटली सोबत घेऊन तडक हॉस्पिटल.

तो सोडा आणि व्हिनेगर मिसळायचा व्हिडिओ सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतो, त्यात धोका काही नाही पण उपयोगही नाही. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि सोडा व्हिनेगर एकमेकांना संपवतात, खाली उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. तेलकट ओट्याला खायचा सोडा वेगळा वापरा, क्षारांना व्हिनेगर वेगळं वापरा, दोन्ही कामं होतील.

इथे एक गोष्ट कळली की माझं घासणं निम्म्याने कमी झालं. हेंकेल कंपनीत हर्बर्ट सिनर नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते, त्यांनी मांडलं की कुठलीही सफाई चार गोष्टींवर चालते, रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ, आणि यातलं एक कमी केलं तर बाकीच्यांनी ते भरून काढावं लागतं. आपण वेळ द्यायलाच विसरतो! ओतलं की लगेच घासायला सुरुवात. गॅसच्या शेगडीवर साबणाचं गरम पाणी टाकून पंधरा मिनिटं दुसरं काम करून या, मग बघा. म्हणजे तीव्र रसायन पण नको आणि मनगट दुखणं पण नको, वेळ फुकट आहे.

फरशी पुसण्याचं म्हणाल तर इथे लॅमिनेट किंवा लाकडी फ्लोअरिंग फार, त्यावर बादलीभर पाणी ओतणं शक्यच नाही, सांध्यातून पाणी आत गेलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. म्हणून मॉप इतका पिळायचा की फरशी मिनिट दोन मिनिटात वाळली पाहिजे. त्याआधी कोरडं झाडून घ्यायचंच, नाहीतर वाळूचे कण मॉपखाली फिरून ओरखडे उठतात. ही सवय मी सुट्टीला सोलापूरला गेले की तिथे पण ठेवते, कारण ओल्या फरशीवर घरातली म्हातारी माणसं घसरतात, आणि तो धोका जंतूंपेक्षा मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फरशी पुसायचं औषध पण मोजून घाला. इथे बाटलीवर पाच लिटर पाण्याला किती ते लिहिलेलं असतं, जास्त घातलं तर जास्त स्वच्छ नाही होत, उलट चिकट थर राहतो, पाय चिकटतात आणि धूळ अजून पकडते.

पुसायच्या कपड्यांचं पण सांगते. ऑफिसं साफ करणारे लोक इथे रंग ठरवून कपडे वापरतात, लाल संडासाला, पिवळा बेसिन आणि बाथरूमच्या टाइल्सना, निळा टेबल-कपाटांना, हिरवा किचनला. घरी मी तेच चालू केलंय, कारण संडासाचा कपडा चुकून ओट्यावर आला तर मग कितीही भारी जंतुनाशक वापरून फायदा काय. आणि रोज जंतुनाशक लागतच नाही. इथल्या सरकारी संस्था, पर्यावरणाची आणि धोक्यांचं मूल्यमापन करणारी, दोघीही सांगतात की निरोगी माणसांच्या घरात साधा साबण आणि पाणी पुरे. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर मात्र ब्लीच काढा, आधी घाण कागदाने उचलून, साबणाने धुवून, मग ब्लीच, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्च होतं. हातमोजे घालायचे, पाणी गारच घ्यायचं, लेबलवर लिहिलेली मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं, आणि उरलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवायचं नाही, त्याची ताकद उतरते.

शेवटचा विषय बुरशी, कारण पावसाळा आला की कोकणातल्या मावशीचा हाच प्रश्न असतो. इथे हिवाळ्यात बंद घरात खिडकीच्या कडेला काळी बुरशी धरते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडतात, बाहेर शून्याखाली असलं तरी. मावशी भिंतीवर व्हिनेगर मारते, पण भिंतीच्या प्लास्टरमध्ये परत चुनाच, तो व्हिनेगरचा आंबटपणा मारून टाकतो आणि बुरशी तशीच. डाग छोटा असेल, अर्ध्या चौरस मीटरच्या आत, आणि जागा गुळगुळीत असेल तर इथे ७० ते ८० टक्क्यांचं अल्कोहोल कपड्यावर घेऊन पुसायला सांगतात, स्प्रे करायचं नाही, कोरडं घासायचं पण नाही, कारण बुरशीचे कण हवेत उडतात. हातमोजे, मास्क, खिडकी उघडी, आणि अल्कोहोल पेट घेतं म्हणून जवळपास गॅस, उदबत्ती, देवापुढचं निरांजन काही पेटतं ठेवू नका. भिंत ओली कुठून होतेय, गळती आहे का, कपाट भिंतीला चिकटून आहे का हे शोधलं नाही तर दोन आठवड्यांनी बुरशी त्याच जागी परत येते, तेव्हा मावशी, आधी कपाट चार बोटं पुढे ओढ आणि गच्चीवरचा पाइप कोणाला तरी दाखवून घे, मग अल्कोहोलचं बघू.