आमची वाटचाल: कडुलिंबाखालचा चित्रक

नर्सरी टाकली तेव्हा आम्ही पण सगळ्यांसारखंच जास्वंद, क्रोटॉन, अरेका पाम ठेवायचो. सासवड रोडला अर्धा एकर जागा, पाणी एका बोअरचं आणि ते पण मार्चपर्यंतच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कामाला माणूस नाही, बोअरला पाणी नाही, निम्मा माल डोळ्यादेखत वाळला. मे संपता संपता साफसफाईला गेलो तर मागच्या कडुलिंबाखाली, जिथं गवतसुद्धा टिकत नाही, तिथं चित्रक उभा, पांढऱ्या फुलांचं झुडूप! पानं मलूल, पण जिवंत. आईनं कधीतरी औषधी म्हणून लावलेला, आम्ही त्याला तण समजून दोनदा तोडलेला पण होता.

पावसात त्याच्याच अर्धवट जून काड्या, तीन-चार डोळ्यांच्या, वाळू-माती-शेणखतात खोचल्या, सावलीत ठेवल्या, बऱ्याच लागल्या. विकायचं मात्र अवघड, कारण गिऱ्हाईक बघून पहिलं विचारणार, "निळा नाही का?" निळा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, त्याला ऊन लागतं, आपला पांढऱ्या फुलांचा इथलाच आणि झाडाखाली पण फुलतो, हे सांगून सांगून घसा बसला. (निळा पण ठेवतो हो, दुकान चालवायचंय.)

मग एका सोसायटीची तीनशे रोपांची ऑर्डर मिळाली, मोठ्या झाडांखालच्या टकलासाठी, तिथं पाणी टँकरचं, म्हणजे जपूनच देणार, म्हणून आम्ही खूश. पण माळीबुवा रोज पाइप धरायचे, खाली चिकट काळी माती, मुळं कुजली. चूक आमचीच, पाण्याचं सांगितलंच नव्हतं. सगळी रोपं फुकट बदलून दिली, वर्षाचा नफा तिथंच गेला. आता प्रत्येक पिशवीला चिठ्ठी असते: रुजेपर्यंत पाणी, मग माती वाळल्यावरच.

मेहुण्यानं एकदा हातमोजे न घालता मुळं फोडली, हाताला हे मोठे फोड आले. म्हणून मुळं आम्ही विकत नाही आणि घरी औषध करू नका, गरोदर बाईनं तर मुळीच नको, हे दरवेळी सांगतो.

अलीकडे एक काकू कळ्यांवर अळ्या आल्यात, स्प्रे द्या म्हणून तणतणत आल्या. म्हटलं थांबा, या झेब्रा ब्लू फुलपाखराच्या असणार, कळ्यांवरच अंडी घालतं ते. स्प्रे दिला नाही, चहा दिला. जाताना चिकट बोंडं त्यांच्या साडीला लागून गेली, तशीच आमच्या पँटला लागून घरी येतात, सध्या स्कूटरच्या स्टँडजवळ तीन रोपं उगवलीत.